बाळाची कावीळ : ऊन नाही, माळ तयार आहे, रिपोर्ट १४. काय करू?

जांबोटीचा_मामा

नमस्कार मंडळी. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. मुलगा झाला, खानापुरात, नॉर्मल. दिवस पूर्ण भरलेले, वजन २ किलो ९००. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा चेहरा किंचित पिवळा होता, सिस्टर म्हणाल्या लक्ष ठेवा. आज पाचवा दिवस, पिवळेपणा छातीपर्यंत उतरलाय. सकाळी रक्त तपासून आणलं, बिलिरुबिन (ज्यानं काविळीत अंग पिवळं दिसतं ते) १४.२. डॉक्टरांनी उद्या परत बोलावलंय. आज तरी लाइटखाली ठेवायची गरज नाही म्हणाले.

आता घरातली परिस्थिती ऐका. आई म्हणते कोवळ्या उन्हात धर. इकडं आठवडा झाला सूर्य दिसला नाही, दुपटी चुलीच्या वर वाळवूलालोय. शेजारच्या काकू काविळीची माळ आणायला निघाल्यात. बहिणीच्या सासूबाईंचा फोन आला की आईचं दूध बंद करून ग्लुकोजचं पाणी पाजा. त्यात कुणीतरी डाग द्यायचं नाव काढलं, तेव्हा उठलो आणि इथं लिहायला बसलो.

१४ म्हणजे जास्त की कमी? दूध चालू ठेवायचं का? उद्यापर्यंत काय बघायचं?

वडगावकर

घाबरतोस कशाला एवढा. आमच्या घरातली सगळी पोरं पिवळी होऊनच मोठी झाली. दहा-बारा दिवसांत आपोआप जाते कावीळ. हॉस्पिटलवाले निळ्या पेटीत ठेवतात आणि बिल लावतात. उघडीप मिळाली की उन्हात धर, विषय संपला.

बालरोग_बेळगाव

वडगावकर, तुमचं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात अडकलेली बाळं कधी दगावतात, कधी कायमची बहिरी होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवस भरलेल्या दहापैकी साधारण सहा बाळांना पहिल्या आठवड्यात डोळ्यांना दिसेल इतकी कावीळ होते. दिवस कमी असलेल्यांत दहापैकी आठ. म्हणजे कावीळ होणं हेच जास्त करून घडतं. कारण असं. पोटात असताना बाळाला प्राणवायू कमी मिळतो, त्यामुळे त्याच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. त्या मोठ्या माणसाच्या पेशींसारख्या १२० दिवस टिकत नाहीत, ७० ते ९० दिवसांत फुटतात. १ ग्रॅम हिमोग्लोबिन मोडलं की सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होतं. वजनाच्या हिशेबानं नवजात बाळ आपल्या दुपटीहून जास्त बिलिरुबिन रोज तयार करतं. ते पाण्यात विरघळेल असं करून पित्तातून बाहेर टाकायचं काम लिव्हरचं, पण त्यासाठी लागणारं एन्झाइम पहिल्या दिवसांत फार कमी असतं. वर आतड्यात पोचलेल्यातलं बरंच पुन्हा रक्तात शोषलं जातं, कारण शी अजून नीट होत नसते. ही सगळी गाडी तीन ते पाच दिवसांत सर्वांत वर जाते आणि दोन आठवड्यांत खाली येते. वडगावकरांची पोरं याच गटातली.

पण '१४ म्हणजे किती' या प्रश्नाला बाळ किती तासांचं आहे हे कळल्याशिवाय उत्तरच नाही. पाचव्या दिवशी, पूर्ण दिवसांच्या, चांगलं पिणाऱ्या बाळात १४ वर मी फक्त लक्ष ठेवीन. तेच १४ जन्मल्यापासून २० तासांत आलं तर रात्री धावपळ करीन. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ हा आजारच समजायचा, जोवर तपासून नाही असं सिद्ध होत नाही तोवर.

आता तुम्ही मला चार गोष्टी सांगा. आईचा रक्तगट, बाळाचा रक्तगट, आजचं वजन, आणि शी-शू किती वेळा व कुठल्या रंगाची.

जांबोटीचा_मामा

आई ओ पॉझिटिव्ह. बाळ बी पॉझिटिव्ह, तायी कार्डावर (आईच्या सरकारी कार्डावर) लिहिलंय. वजन आज दवाखान्यात २ किलो ६८० भरलं. शू कालपासून चार वेळा. शी अजून हिरवट काळी, दिवसातून एकदाच. बाळ शांत आहे, त्रास काहीच देत नाही, झोपूनच असतं. आई म्हणते गुणी आहे.

बालरोग_बेळगाव

इथं थांबा. हे 'गुणी बाळ' मला आवडलेलं नाही.

२ किलो ९०० वरून २ किलो ६८० म्हणजे साडेसात टक्क्यांहून जास्त वजन उतरलं. तिसऱ्या दिवशी एवढी घट असती तर चाललं असतं, पाचव्या दिवशी वजन परत चढायला लागलेलं हवं. शी आतापर्यंत पिवळी, दाणेदार व्हायला हवी होती, ती अजून काळपट आहे. लंगोट दिवसातून सहा तरी ओले व्हायला हवेत, इथं चार. याचा अर्थ सरळ आहे, बाळाच्या पोटात दूध पुरेसं जात नाही. दूध कमी म्हणून शी कमी, शी कमी म्हणून बिलिरुबिन आतड्यातून परत रक्तात, आणि बिलिरुबिन वाढलं की बाळ आणखी झोपाळू, आणखी कमी पिणार. ही साखळी आज रात्रीच तोडायची. दूध बंद करणं म्हणजे नेमकं उलटं काम. ग्लुकोजच्या पाण्यानं बिलिरुबिन उतरत नाही, नुसतं पोट भरतं आणि दूध आणखी कमी जातं.

दुसरी गोष्ट रक्तगटाची. आई ओ आणि बाळ ए किंवा बी असेल तर आईच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे बाळाच्या पेशी जरा जास्त वेगानं फुटू शकतात. सगळ्याच बाळांत होत नाही, आणि झालं तरी बहुतेक वेळा सौम्य असतं. पण उद्याच्या तपासणीत नुसतं बिलिरुबिन नको. बाळाची डायरेक्ट कूम्ब्स (आईची प्रतिपिंडं बाळाच्या पेशींना चिकटलीत का ते बघायची तपासणी), हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी) करायला सांगा. तुमच्या डॉक्टरांनी उद्या बोलावलंय ते योग्यच केलंय, फक्त उद्या दुपारी नको, सकाळी उजाडताच जा.

रात्रीतून यातलं काहीही दिसलं तर उद्याची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करून निघायचं: बाळ दुधाला उठवूनही उठत नाही, अंग एकदम लुळं पडलंय किंवा उलट ताठ होऊन मान-पाठ मागं वाकवतंय, रडणं चिरकं झालंय, ताप किंवा अंग गार, तळपाय पिवळे.

निवृत्त_सिस्टर_निपाणी

मामा, बहिणीला फोन द्या नाहीतर हे वाचून दाखवा. मी बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केली, आता घरी असते.

बाळ मागेल तेव्हा पाजू असं पिवळ्या बाळाच्या बाबतीत चालत नाही, कारण ते मागतच नाही. दर दोन तासांनी उठवायचं, रात्रीसुद्धा. दिवसभरात आठ ते बारा वेळा पाजणं झालं पाहिजे. उठत नसेल तर दुपट्यातून मोकळं करा, कुंची काढा, तळपायाला बोटानं चोळा. गुंडाळून ठेवलेलं बाळ उबेनं झोपतं. तोंडात नुसतं बोंड जाऊन उपयोग नाही, काळ्या भागाचाही बराचसा आत जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. आणि कान देऊन ऐका. गिळल्याचा आवाज येतो, येतोच. तो येत नसेल तर बाळ चोखतंय, पीत नाही. दहा मिनिटांत झोपलं तर उरलेलं दूध हातानं काढून स्वच्छ वाटी-चमच्यानं पाजा. बाटली नको.

बाळगुटी नको, मध तर अजिबात नको. वर्षाच्या आतल्या मुलाला मधातून होणारा एक विषारी जंतुसंसर्ग आहे, जिवावर बेततो.

पिवळेपणा बघायचा तो दिवसा, खिडकीजवळ. तुमच्याकडं पावसाळ्यात खोल्या अंधाऱ्या, भिंती हिरव्या आणि वर पिवळा बल्ब. त्या उजेडात चांगलं बाळ पिवळं आणि पिवळं बाळ चांगलं दिसतं. अंगठ्यानं कातडी दाबायची, सोडली की क्षणभर जो रंग दिसतो तो खरा. आधी कपाळ, मग छाती, मग मांडी, शेवटी तळपाय. चेहऱ्यापुरती असेल तर बिलिरुबिन ५ च्या आसपास, पोटापर्यंत १० च्या, तळहात-तळपायापर्यंत उतरली की १५ च्या पुढं असा जुना ठोकताळा आहे. पण सावळ्या बाळांत हा ठोकताळा हमखास फसतो. कधी धावायचं हे कळायला तो ठीक आहे, घरी थांबायचं कारण म्हणून वापरू नका.

आणि एक विचारते. बाळाला घातलेली झबली-टोपरी ट्रंकेतून काढलीत का? डांबरगोळ्या होत्या का त्यात?

जांबोटीचा_मामा

होय की, माझ्या लहानपणीची गोधडी आणि टोपरी आईनं जपून ठेवली होती. डांबरगोळ्यांचा वास येतोय अजून. त्याचा काय संबंध?

निवृत्त_सिस्टर_निपाणी

आत्ताच्या आत्ता काढा, आणि ते गाठोडं त्या खोलीतही ठेवू नका. काही मुलांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मजात कमी असतं, मुलग्यांत जास्त सापडतं. अशा बाळाच्या श्वासातून, कातडीतून नॅप्थलीन गेलं की पेशी भराभर फुटतात आणि कावीळ एकाएकी भडकते. तुमच्या बाळाला तसं असेलच असं नाही. पण डॉक्टरांना डांबरगोळ्यांचं नक्की सांगा, ती एक तपासणी ते करून घेतील.

डागाबद्दल एकच सांगते. तापवलेल्या सुईनं पोटावर, दंडावर डाग दिलेली बाळं आमच्या वॉर्डात येत. कावीळ तशीच, वर जखम पिकलेली. एवढ्याशा जिवाला जंतू रक्तात जायला तेवढी वाट पुरते, आणि जंतुसंसर्गानं कावीळ आणखी वाढते. जो कोणी नाव काढेल त्याला दारातूनच वाटेला लावा.

वडगावकर

बरं, दुधाचं पटलं. खरं मला एक सांगा डॉक्टर, उन्हाला नावं ठेवता आणि तुमची निळी लाइट चालते. तोही उजेडच की.

बालरोग_बेळगाव

हा प्रश्न चांगला आहे, आणि गंमत म्हणजे त्या लाइटचा जन्म उन्हातूनच झालाय. इंग्लंडात एसेक्समधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलात १९५६ च्या सुमारास जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर होत्या. बाळांना बागेतल्या उन्हात न्यायची त्यांना सवय. एका बाळाच्या अंगावर जिथं चादरीचा कोपरा होता तेवढाच भाग पिवळा राहिलेला आणि बाकीचं अंग उजळलेलं त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. पुढं त्याच हॉस्पिटलात रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्यांचा पाळणा तयार केला आणि १९५८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

म्हणजे उन्हात गुण आहे, ते मी नाकारत नाही. भानगड मात्रेची आहे. बिलिरुबिनवर काम करतो तो साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश. त्यानं बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि लिव्हरच्या मदतीशिवाय ते पित्तातून, लघवीतून बाहेर पडतं. असा प्रकाश बाळाच्या जास्तीत जास्त उघड्या अंगावर, ठरावीक तीव्रतेनं, तासन्‌तास पडायला लागतो. सकाळची दहा मिनिटं झबलं घालून अंगणात, त्यानं काय होणार? जास्त वेळ उघडं ठेवलं तर बाळ गारठतं, नाहीतर भाजतं, आणि अतिनील किरणं लागतात ती वेगळीच. नायजेरियात घातक किरणं गाळणाऱ्या खास पडद्याच्या छपराखाली बाळांना ठेवून उपचार करून बघितलेत, उपयोग झालाही, पण तिथं प्रशिक्षित माणसं तासातासाला बाळाचं तापमान बघत होती. तुमच्या अंगणात ते जमणार नाही. घरातली ट्यूबलाइट तर विसराच.

उन्हाचं खरं नुकसान वेगळंच. 'ऊन दाखवतोय' या समाधानात दोन दिवस जातात. जांबोटी-कणकुंबीकडं तर आषाढात ते ऊनही नाही, मग नुसती उन्हाची वाट बघण्यात जातात.

बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं. तिथं झालेली इजा भरून येत नाही. ऐकू येत नाही, हात-पाय आपोआप वेडेवाकडे हलतात, नजर वर जात नाही. अशी मुलं बुद्धीनं हुशार असूनही बोलू-चालू शकत नाहीत. हे टाळायलाच लाइट, आणि त्याहून वर गेलं तर रक्त बदलणं. बिल लावायला पेटीत ठेवणारा कुणी नसेलच असं मी म्हणत नाही. पण सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार मोफत आहे, जिल्हा रुग्णालयात त्यासाठी वेगळा विभाग असतो. बिलाची भीती असेल तर तिकडं जा, घरी थांबू नका.

लॅबवाला_संकेश्वर

रिपोर्टबद्दल थोडं मी लिहितो, कारण लोक फक्त वरचा आकडा बघतात.

टोटल बिलिरुबिनच्या खाली दोन ओळी असतात, डायरेक्ट आणि इनडायरेक्ट. इनडायरेक्ट म्हणजे लिव्हरनं अजून हात न लावलेलं. नवजात बाळाची नेहमीची कावीळ या जातीची, मेंदूत जाण्याचा धोकाही याचाच. डायरेक्ट म्हणजे लिव्हरनं आपलं काम केलंय पण पुढं वाट नाही किंवा लिव्हरच आजारी आहे. ते १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाळ किती का गुटगुटीत असेना, कारण शोधायलाच लागतं. काही ठिकाणी पैसे वाचवायला फक्त टोटल करतात. टोटल एकट्यानं निम्मीच गोष्ट सांगतं.

टाचेतून काढलेलं रक्त उजेडात पडून राहिलं तर बिलिरुबिन कमी दाखवतं, त्याच उजेडाच्या गुणामुळं. म्हणून नमुना झाकून, लगेच पोचवायचा. कपाळावर-छातीवर टेकवायचं मशीन असतं ते सुई न टोचता अंदाज देतं, चाळणीला उत्तम. पण लाइटखाली ठेवलेल्या बाळाची कातडी आधी उजळते, रक्त नंतर. तेव्हा लाइटनंतर लगेच मशीनवर किंवा डोळ्यावर विसंबू नये, रक्तच बघावं.

जांबोटीचा_मामा

अपडेट देतो. रात्रभर दर दोन तासांनी पाजलं, बहीण आणि आई आळीपाळीनं जागल्या. उजाडताच निघालो. बिलिरुबिन १८.६, डायरेक्ट ०.६. कूम्ब्स 'वीकली पॉझिटिव्ह', म्हणजे किंचित पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन ठीक. बाळाला बेळगावात दाखल केलंय, लाइट सुरू. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. बहिणीला रडू फुटलं बघून. पाजायला बाहेर काढता येतं हे बरं आहे. इथल्या सिस्टर कन्नडमधून आईला समजावूलाल्यात, 'कामणी' (कावीळ) एवढा शब्द आईला कळला आणि तिनं मान हलवली.

शी पातळ आणि हिरवी व्हायला लागलीय, ते चांगलं की वाईट?

बालरोग_बेळगाव

चांगलं. बिलिरुबिन बाहेर पडूलालंय. अंगावर बारीक पुरळ आलं तरी घाबरू नका, लाइट थांबला की जातं. पाजणं सोडू नका, आणि लाइट बंद केल्यावर एक दिवसानं पुन्हा रक्त तपासल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. पेशी फुटण्याचं कारण असलं की आकडा थोडा परत चढू शकतो.

गडहिंग्लजची_सून

धागा वाचून विचारावंसं वाटलं. माझं माहेर खानापूर, सध्या तिथंच आहे. मुलगी सात आठवड्यांची होत आली. जन्मल्यानंतर कावीळ झाली ती पूर्ण गेलीच नाही, डोळे अजून पिवळे आहेत. वजन चांगलं वाढलंय, पिते छान, हसते. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडं सांगितलं की आईच्या दुधाची कावीळ आहे, तीन महिन्यांपर्यंत राहू शकते, काळजी करू नका. मग मी काळजी सोडली. पण शी मळकट पांढरी होते, सुरुवातीला पिवळी व्हायची. आणि लंगोटाला लघवीचा पिवळा डाग पडतो, धुऊनही जात नाही. हे दुधामुळंच ना?

बालरोग_बेळगाव

ताई, नाही. उद्या सकाळी बाळाला घेऊन निघायचं. आज शक्य असेल तर आज.

आईच्या दुधाची कावीळ असते हे खरं. पहिल्या आठवड्यानंतर दिसते, बाळ ठणठणीत असतं, बारा आठवड्यांपर्यंत रेंगाळते आणि दूध न तोडता जाते. पण त्या काविळीत शी पिवळीच असते आणि लघवी पाण्यासारखी. शी पांढरी म्हणजे पित्त आतड्यात पोचत नाहीये. एवढ्या लहान बाळाच्या लघवीचा लंगोटाला डाग पडत नसतो. पडतोय म्हणजे डायरेक्ट बिलिरुबिन लघवीतून जातंय.

माझ्या मनात पहिलं नाव येतं ते बिलिअरी अट्रेशिया. लिव्हरमधून पित्त बाहेर आणणाऱ्या नळ्या जन्माच्या सुमारास सुजून बंद होत जातात. दुर्मिळ आजार आहे. पण यातली फसगत अशी की पहिले आठवडे बाळ अगदी छान दिसतं, वजनही घेतं, सुरुवातीची शीही पिवळी असू शकते. आत लिव्हर मात्र रोज थोडं थोडं कडक होत असतं. यावर जपानमधले सर्जन मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया आहे, आतड्याचा तुकडा थेट लिव्हरच्या दाराशी जोडतात. ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली, जसजसा उशीर तसतशी कमी. तुमची मुलगी सात आठवड्यांची, म्हणजे वेळ आहे पण हातात फार नाही.

आजार हाच असेल असं मी इथं बसून म्हणू शकत नाही. नवजात बाळाचा हेपेटायटिस, लघवीचा जंतुसंसर्ग, पित्तनळीला फुगा, गॅलॅक्टोसेमिया अशी बरीच कारणं आहेत. त्यातल्या गॅलॅक्टोसेमियात (दुधातली साखर शरीराला नीट वापरता येत नाही असा जन्मजात आजार) मात्र दूध खरंच बंद करायला लागतं. हे वाचून कुणी स्वतःच्या मनानं बंद करू नका, तपासणीनंतरचा निर्णय आहे तो. उद्या सांगून करून घ्या: टोटल आणि डायरेक्ट बिलिरुबिन, लिव्हरच्या तपासण्या, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), थायरॉइड, लघवी, आणि उपाशीपोटी पोटाची सोनोग्राफी. पित्त नसलं की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, बाळाला अचानक रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा व्हिटॅमिन के इंजेक्शनचंही विचारा. आणि शीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा, नाहीतर तो लंगोटच सोबत न्या. तोंडानं सांगितलेला रंग प्रत्येकाला वेगळा ऐकू येतो.

निवृत्त_सिस्टर_निपाणी

तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक बाळाबरोबर शीच्या रंगांचं कार्ड देतात, आईनं घरी जुळवून बघायचं. आपल्याकडं आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्या आल्या की नुसतं वजन करून घेऊ नका, लंगोट उघडून दाखवा. माझ्या मते दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असलेल्या प्रत्येक बाळाचं डायरेक्ट बिलिरुबिन एकदा झालंच पाहिजे. दिवस कमी असतील तर तीन आठवडे धरा. एवढाच नियम पाळला असता तर ताईंना सात आठवडे थांबावं लागलं नसतं.

गडहिंग्लजची_सून

टोटल ९.१, डायरेक्ट ५.८. सोनोग्राफीत पित्ताशय नीट दिसत नाही म्हणाले. के इंजेक्शन दिलं. बेंगळुरूला पाठवतायत, रात्रीच्या गाडीनं निघतोय. पोचल्यावर लिहीन. लंगोट नेला होता, डॉक्टरांनी तो बघितल्यावर बोलणंच बदललं.

मास्तर_उचगाव

ताई, सांभाळून जा, आम्ही वाट बघतो.

थोडं वेगळ्या वाटेनं लिहितो. माळेचा विषय निघाला म्हणून. मी विज्ञान शिकवतो, वर्गात ही माळ करून दाखवली आहे. ओल्या देठांचे तुकडे दोऱ्यात विशिष्ट गाठी मारून ओवायचे. देठ सुकतात, आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. डोक्यावरची माळ गळ्यात, गळ्यातली पोटापर्यंत. खांबाला घाला, तिथंही लांबते, खांबाला कावीळ नसताना. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं तेही असंच, हाताला आधी चोळलेल्या पाल्या-सालीचा रस चुन्यात रंग बदलतो. माळेनं इजा होत नाही, वेळ जातो. नाकात कडू रस पिळतात तो प्रकार मात्र वाईट. पिवळं पाणी वाहतं ते नाकाची आतली कातडी सोलवटल्यामुळं.

डॉक्टर, शाळेत यंदा पाऊस लागल्यापासून तीन-चार मुलं काविळीनं घरी आहेत, दुसरी ते पाचवीची. पालक विचारतात तेल-हळद बंद करू का, उसाचा रस देऊ का. शाळेत कधी घ्यायचं?

बालरोग_बेळगाव

मास्तर, या वयातली आणि एका गावात एकदम येणारी कावीळ म्हणजे बहुतेक हेपेटायटिस ए. पावसात कुठंतरी फुटलेल्या पाइपातून गटाराचं पाणी नळात शिरतं आणि सरासरी चार आठवड्यांनी पोरं पिवळी व्हायला लागतात. सहा वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांना तर कावीळ दिसतही नाही, जुलाब-ताप होऊन जातात आणि ती घरभर पसरवतात. खात्री करायला रक्ताची आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं) तपासणी असते.

औषध म्हणाल तर विश्रांती आणि रुचेल ते जेवण. तेल, हळद, तूप बंद करायचं काही कारण नाही, उलट उपासमारीनं पोर खंगतं. उसाचा रस घरी, स्वच्छ हातानं काढलेला असेल तर द्या. गाड्यावरचा, बर्फ टाकलेला रस म्हणजे ज्या दारातून आजार आला त्याच दारातून पुन्हा बोलवायचं. तापाला पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, मोजून. झाडपाल्याची पुडी नको, सुजलेल्या लिव्हरवर आणखी भार. कावीळ दिसल्यापासून आठवडाभर शाळेत नको. पाणी चांगलं उकळी फुटेपर्यंत उकळा, हात साबणानं.

पालक एसजीपीटीचा (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आकडा बघून हादरतात, हजार, दोन हजार. तो तितका महत्त्वाचा नाही. मी बघतो आयएनआर आणि पोराची शुद्ध. आयएनआर वाढतोय, उलट्या थांबेनात, दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बडबड, नाकातून-हिरड्यांतून रक्त, यातलं काही असेल तर मोठ्या हॉस्पिटलातच. एसजीपीटी झपाट्यानं उतरला आणि कावीळ मात्र वाढत चालली, तर ते बरं होणं नव्हे, लिव्हर संपत चाललंय.

आणि सगळीच कावीळ पाण्याची नसते. पुन्हा पुन्हा होणारी, रक्त कमी असलेली, प्लीहा वाढलेली असेल तर पेशी फुटण्याचा आजार किंवा मलेरिया बघायचा. शाळकरी मुलात लिव्हर बिघडलंय आणि कारण सापडत नाही, अक्षर बिघडलंय, हात कापतात, तर विल्सनचा आजार, शरीरात तांबं साठतं. बी कावीळ (हेपेटायटिस बी) आईकडून बाळाला जाते, तिची लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायची असते, सरकारी दवाखान्यात मोफत आहे. आणि गाजर-पपई-भोपळा भरपूर खाणाऱ्या लहान मुलाचे तळवे पिवळे पण डोळे पांढरेशुभ्र असतील तर ती कावीळच नव्हे, निवांत राहा.

वडगावकर

मामा, बाळ कसं आहे? आमच्या भावाची सून पुढच्या महिन्यात बाळंत होणार, हे सगळं तिला वाचून दाखवलं. डांबरगोळ्यांची ट्रंक माडीवर टाकली.

जांबोटीचा_मामा

घरी आलोय. लाइट बंद केला तेव्हा ११.४, दुसऱ्या दिवशी १२.१, डॉक्टर म्हणाले एवढं चालतं, परवा पुन्हा बघू. जी-सिक्स-पीडी नॉर्मल आली. वजन चढूलालंय, शी पिवळी. आता दुधासाठी असा ओरडतो की गुणी म्हणायची सोय राहिली नाही. काकूंनी आणलेली माळ आईनं पाळण्याच्या दांडीला अडकवली, तिचं मन राहिलं.

हुक्केरीची_लेक

माझा गट ए निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह, सहावा महिना चालू. पहिलीच वेळ. माझ्या बाळालाही असंच होईल का?

बालरोग_बेळगाव

पहिल्या खेपेला शक्यता कमी, पण तयारी आत्ताच करायची, कारण आरएचची कावीळ (आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असताना होणारी) ओ-बीच्या काविळीपेक्षा कितीतरी जोरात येते आणि पुढच्या बाळाला जास्त भोवते. डॉक्टरांना इनडायरेक्ट कूम्ब्स (तुमच्या रक्तात अशी प्रतिपिंडं आहेत का ते) करायला सांगा. ती निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्यात अँटी-डी (ती प्रतिपिंडं तयार होऊ न देणारं) इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. मधेच रक्तस्राव झाला, पोटावर पडलात, तरी लगेच दाखवायचं, तेव्हाही ते लागू शकतं. आधी कधी गर्भपात झाला असेल तर तेही सांगा, लपवू नका. बाळंतपणाच्या वेळी नाळेतल्या रक्तावर बाळाचा गट, कूम्ब्स आणि बिलिरुबिन करायचं हे तुमच्या कार्डावर आत्ताच लाल शाईनं लिहून घ्या. बाळंतपण रात्री झालं तर त्या वेळी सांगायला तुमच्या अंगात त्राण असेलच असं नाही.